सोनेरी चौकट आणि सुतळी

पार्थेनॉनच्या फोटोवर एक सोनेरी चौकट आखलेली आणि खाली १.६१८ हा आकडा, हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. त्यातून समज पसरला, की जगातल्या सगळ्या पवित्र वास्तू या 'सुवर्ण गुणोत्तरा'वर बेतलेल्या आहेत. पार्थेनॉनचा चौथरा मोजला तर लांबी सुमारे ६९.५ मीटर भरते, रुंदी ३०.९. म्हणजे नवास चार, १.६१८ नव्हे. लुका पाचोलीने १५०९ साली छापलेल्या ग्रंथात या गुणोत्तराला 'दैवी' म्हटलं खरं, पण इमारतींसाठी त्याने साध्या पूर्णांकांचीच प्रमाणं सांगितली. निसर्ग आणि कला या दोन्हींतल्या सौंदर्याचं मूळ सुवर्ण गुणोत्तरात शोधलं ते जर्मनीच्या आडोल्फ त्सायझिंगने, १८५४मध्ये. चौकट कुठून धरायची हे आपल्याच हाती असलं, की ती कुठेही बसते.

मला खंत वाटते ती याची, की या आकड्यामागे खरी भूमिती झाकली जाते. आपली शुल्बसूत्रंच घ्या. त्यांत देवळांचे आराखडे आहेत असं अनेकांना वाटतं, पण ती आहेत यज्ञवेदींसाठी. शुल्ब म्हणजे दोरी. गार्हपत्य अग्नीची वेदी गोल, आहवनीयाची चौकोनी, दक्षिणाग्नीची अर्धवर्तुळाकार, आणि तिन्हींचं क्षेत्रफळ मात्र सारखं हवं! चौरसाचं वर्तुळ करण्याचा खटाटोप या गरजेशी जोडलेला आहे. चौरसाच्या कर्णासाठी शुल्बसूत्रकार बौधायन सांगतो: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि या शेवटच्या तुकड्याचा चौतिसावा भाग वजा करा. उत्तर येतं १.४१४२१५७; खरी किंमत १.४१४२१३६. महावेदीचा काटकोन दुसरा सूत्रकार आपस्तंब काढतो तो ३६ मापांच्या दोरीला १८ जोडून आणि १५ वर खूण करून. दोन खुंट्यांमध्ये ३६ चं अंतर, दोरीचे भाग १५ आणि ३९.

इस्लामी नक्षीबद्दलही असाच समज आहे: चित्रांना बंदी, म्हणून भूमिती. पण जॉर्डनमधल्या कुसैर अम्रा या आठव्या शतकातल्या उमय्यद वास्तूच्या भिंतींवर माणसं रंगवलेली आहेत, आणि दमास्कसच्या मशिदीत झाडं-घरांचं मोझेक आहे. भूमिती तिथे नाइलाज म्हणून आलेली नाही. कारागिरांनी ती आवडीने जोपासली. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहातल्या गुंडाळीत ११४ नमुने आहेत. शाईच्या रेघांखाली बारकाईने पाहिलं तर कागदावर टोकदार हत्याराने ओरखडलेल्या, शाई न भरलेल्या मदतरेषा दिसतात.

पाया आखताना आपल्याकडचे गवंडी आजही सुतळीवर तीन, चार, पाच मोजून काटकोन धरतात.