गुन्हा कोणाचा, कथा कोणाची?

रहस्यकथा म्हटले की आपल्याकडील समीक्षक नाक मुरडतात. लायब्ररीतून आणायची, रात्रीत संपवायची आणि सकाळी परत करायची ती पुस्तके. त्यांना साहित्य कोण म्हणणार? खेदाची गोष्ट अशी, की चळवळीतील आमचे मित्रही हाच सूर लावतात. आत्मकथन लिहा, कविता लिहा, वैचारिक लेख लिहा. खून-दरोड्याच्या गोष्टी लिहिणे म्हणजे वेळेचा अपव्यय! आम्हांस हे मत मुळीच मान्य नाही.

बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६-१९९६) हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड घराघरांत पोचले. त्यांच्यामागून आलेल्या गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. ते २०२१ साली वारले. पुण्याचे सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांनी अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद असे नायक उभे केले. जो माणूस जाड ग्रंथ हाती धरत नव्हता, त्याला या लेखकांनी वाचायला लावले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

पण हिशेब मांडून पाहा. पन्नास वर्षे अखंड लेखणी चालवली असे धरले, तरी हजार पुस्तके म्हणजे अठरा दिवसांना एक! इतक्या घाईत पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून पाहायला, कोर्टातली तारीख अनुभवायला लेखकाला सवड कोठून मिळणार? म्हणून बंगला, बुरखा, पिस्तूल आणि तिजोरी यांभोवतीच कथा फिरत राहिली. गावकुसाबाहेरची वस्ती तिच्यात आली, तर संशयित म्हणून किंवा नोकर म्हणून.

हा दोष एकट्या मराठीचा नाही. कॉनन डॉयलच्या १८९० सालच्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये विषारी काटे फुंकणारा मारेकरी अंदमानचा आदिवासी आहे, आणि त्याला माणूस म्हणून नव्हे, श्वापद म्हणून रंगवले आहे. त्याआधीच, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला होता. जेथे माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरतो, तेथे तपासाची गरजच काय? तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण ठाण्यातील नजर बदलली नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको.

आता मुळशी तालुक्यातील माणकडे या. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा या गावच्या हद्दीत आहे. जमिनी गेल्या, काचेच्या इमारती आल्या. या परिसराची गुन्हेकथा २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटाने सांगितली: जमीन विकून बसलेला शेतकरी आणि गुन्हेगारीकडे वळलेला त्याचा मुलगा. चित्रपट गाजला, तो गाजायलाच हवा होता. परंतु आमचा सवाल असा, की ज्याच्या नावावर विकायलाही जमीन नव्हती, जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, त्याच्या मुलाचे काय झाले? त्याची कथा कोण लिहिणार?

आणि ज्यांच्या नावावर जमीन होती, त्यांची कथा तर अधिकच रहस्यमय आहे. महार वतनाचा इतिहास पाहा. गावावर पहारा देणे, परक्या माणसावर नजर ठेवणे, चोराचा माग काढणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे ही कामे महाराकडे होती. म्हणजे गावचा पहिला डिटेक्टिव्ह आमचाच आजा-पणजा! त्याला मोबदला मिळाला तो अपमान आणि तुकडाभर जमीन. या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन बिल मांडले. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने संपली. जमिनी परत मिळाल्या त्या सरकारी परवानगीशिवाय विकता येणार नाहीत, या अटीवर. तरीही २०२५ साली पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर वतनी जमिनीच्या व्यवहाराने राज्य हादरले, गुन्हे नोंदले गेले. येथे सुरा नाही, पिस्तूल नाही. सातबारा, फेरफार आणि कुलमुखत्यारपत्र हीच हत्यारे!

रहस्यकथेचे खरे शिक्षण येथे आहे. होतकरू लेखकाने फिर्याद कशी नोंदवतात, पंचनाम्यावर पंच कोण असतात, कोणते कलम मुद्दाम गाळले जाते, हे अभ्यासावे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. शवविच्छेदनापासूनच हयगय झाली. २००८ साली भंडारा न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. खून कोणी केला, एवढे विचारून अशी कथा संपत नाही. जात कोणी लपवली, हाही तपासाचाच भाग आहे.

अमेरिकेतील काळे लेखक चेस्टर हाइम्स यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. १९२८ साली दरोड्याच्या गुन्ह्यात ते तुरुंगात गेले, तेथेच लिहू लागले. पुढे पॅरिसला जाऊन १९५७ पासून त्यांनी हार्लेममधील दोन काळ्या डिटेक्टिव्हांच्या कादंबऱ्या लिहिल्या. वाचक खिळून राहिला आणि गोऱ्यांच्या न्यायाचे वस्त्रहरणही झाले. रंजन आणि विद्रोह एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले.

ज्यांना ही पद्धत परकी वाटते, त्यांनी बाबासाहेबांचा ‘द अनटचेबल्स’ (१९४८) हा ग्रंथ उघडावा. अस्पृश्यता कशी जन्मली, याचा थेट पुरावा नाही. मग विखुरलेले दुवे जमवायचे, तर्काने गाळलेल्या जागा भरायच्या, सिद्धान्त मांडायचा, ही रीत ते प्रस्तावनेत निर्भीडपणे सांगतात. हजारो वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचा हा तपासच नव्हे काय?

या धंद्यात लवकर पैसा नाही, हे आम्ही लपवत नाही. नोकरी सांभाळूनच लिहावे लागेल. पण माणच्या काचेच्या इमारतीपुढे रात्रपाळीला बसणाऱ्या तरुणाला दिसते ते घरी झोपलेल्या समीक्षकाला दिसत नाही. कोण आले, कोण गेले, कोणती नोंद खोडली गेली, हे त्याला ठाऊक असते. त्याने पहाऱ्याची वही बाजूला ठेवून स्वतःची वही उघडावी. आजवर संशयितांच्या रांगेत आम्हांला उभे केले गेले. आता तपासाची सूत्रे आमच्या लेखणीने हाती घ्यावीत.