डायलिसिसच्या फाइलमध्ये नसलेला रकाना

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन झाला. भरपूर पाणी प्या, मीठ कमी करा, साखर तपासा, हे दरवर्षीप्रमाणे सांगून झाले. ज्यांना पाणीही मोजूनच प्यावे लागते, त्यांच्यासाठी त्यात फारसे काही नव्हते. शिर्डी-लोणी पट्ट्यात राहाता, कोपरगावकडून आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला येणाऱ्या माणसाचे वजन येता-जाता होते, फिस्टुलाचा (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीचा) हात चाचपला जातो, हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस लिहिले जाते. नवरा-बायकोचे शरीरसंबंध कसे आहेत, हे सहसा कोणी विचारत नाही. ते डॉक्टरांनी आपणहून विचारायला हवे, कारण त्यातली तक्रार आजाराचाच भाग आहे. जुनाट मूत्रपिंडविकाराच्या सुमारे ७० टक्के पुरुषांत ताठरतेची अडचण असल्याचे २०१० सालच्या एका मोठ्या आढाव्यात दिसले. टेस्टोस्टेरॉन घटते, प्रोलॅक्टिन साचते, रक्त कमी होते, मधुमेहाने नसा बधिर होतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि खचलेले मन त्यात भर घालते. बायकांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, कोरडेपणाने संबंध दुखरे होतात, इच्छाच उरत नाही. पुरुषांवर निदान संशोधन तरी झाले. बायकांच्या वाट्याला तेही फार थोडे आले, याची चीड यायला हवी.

जिवावर बेतलेले असताना हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण ताठरता जाते ती बहुधा रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे, आणि डायलिसिसवरची सर्वाधिक माणसे दगावतात ती हृदयविकाराने. तक्रार ऐकून घेतली तर हृदयाची तपासणी वेळेत होऊ शकते. ऐकून घेतली नाही तर माणूस एसटी स्टँडच्या भिंतीवरची ‘मर्दानी कमजोरी’ची जाहिरात वाचतो. तिथल्या भस्मात जड धातू असू शकतात, ‘वनौषधी’ कॅप्सुलात न सांगता सिल्डेनाफिल हे ताठरतेचे औषध मिसळलेले सापडते. छातीदुखीसाठी जिभेखाली गोळी ठेवणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतले, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. तेच औषध डॉक्टरांनी हृदय पाहून, कमी मात्रेपासून सुरू केले तर अनेकांना गुण येतो.

दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडची माणसे याविषयी बोलणारच नाहीत. पण र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाकडे वाचक लैंगिक प्रश्नच लिहून पाठवत. त्यांना उत्तरे दिली म्हणून कर्व्यांवर १९३४ साली खटला चालला आणि त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. नव्वद वर्षांपूर्वी माणसे विचारत होती; आज पडद्याआड दोन मिनिटे मिळाली, बाईला बाई डॉक्टर किंवा सिस्टर मिळाली, तर माणसे बोलतील. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर तर हे बोलणे टाळताच येत नाही. नवे मूत्रपिंड चालू लागले की काही महिन्यांतच बाईची पाळी परतू शकते, दिवसही राहू शकतात. प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या मायकोफेनोलेटने गर्भात व्यंग येऊ शकते. म्हणून निदान वर्षभर थांबायचे, मूल हवे असेल तर ते औषध किमान सहा आठवडे आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायचे आणि तोवर कोणते गर्भनिरोधक वापरायचे, हे घरी सोडण्यापूर्वीच नवरा-बायकोला एकत्र बसवून सांगावे लागते.