44 किलोंचा पैलवान

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरच्या बसथांब्यावर शेजारच्या गावच्या जत्रेचं पत्रक चिकटवलेलं होतं. वर देवाचं नाव, खाली कुस्त्या: सुरुवात रेवडीवर, मग नारळावर, मग रोख बक्षिसं चढत गेलेली. बक्षीस देणाऱ्यांची नावं ठळक होती. वजन कुठेच नव्हतं. ते खटकलं, म्हणून फडावर गेलो.

फड म्हणजे नांगरून, ढेकळं फोडून भुसभुशीत केलेलं रान. हलगी कडाडत होती. हिमायतनगरकडचे लोक होते, पैनगंगेपलीकडून उमरखेडचे आले होते, तेलंगणातलेही होते. पंच दोन पोरांना शेजारी उभं करत, अंगलट जुळते का बघत. गर्दी 'लावा' म्हणाली की कुस्ती लागे.

एका पोरावर नजर अडकली. आठवीतला. डावा कान मोडून सुजलेला, नवीनच असावा, कारण हात सारखा तिकडं जात होता. समोरचा त्याच्याहून वीतभर उंच. दोघांनी एकमेकांच्या हाताला माती लावली आणि दुसऱ्या क्षणाला ह्यानं खाली घुसून एकेरी पट काढला. समोरचा पालथा पडला, मूठभर माती धरून जमिनीला चिकटला. ह्यानं आधी दम खाल्ला, मग मानेवर गुडघा दिला, मागून लंगोटाला हात घातला आणि घिस्सा ओढला. पाठ लागली. नारळ बगलेत घेऊन पोरगं फडाला फेरी मारायला निघालं, लोक हातात दहा-दहाच्या नोटा ठेवत होते. ते माझ्याजवळून गेलं तेव्हा ओल्या मातीचा आणि गोड्या तेलाचा वास आला. तो वास अजून नाकात आहे.

"44 किलो भरलंय सर," त्याचे वडील म्हणाले. "लई चपळ हाय, पण अंग धरंना." थोड्या वेळानं पुन्हा, जणू पोराचा काही गुन्हा असावा तसं: "44च हाय."

मानाची कुस्ती अर्थातच दोन धिप्पाड पैलवानांची होती. बराच वेळ ते मानेवर मान ठेवून रेटत राहिले, शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. दिवसभरातली सर्वांत देखणी कुस्ती नारळावर होऊन गेली होती. जत्रेच्या मातीत हलक्या पोराची चढण तिथंच संपते, हे मला अन्यायाचं वाटतं.

कारण मराठवाड्यानंच याचं उत्तर दिलेलं आहे. पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते 57 किलोंत. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत 61 किलोंत कांस्य. त्याचे वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे, 1969 चे महाराष्ट्र केसरी, 1970 च्या राष्ट्रकुलचे सुवर्णविजेते. गुरू भारदस्त, शिष्य हलका. मॅटवर कुस्ती वजनगटात लागते, म्हणून दोघांनाही आपापल्या वजनाची जागा होती. पण दोघांनाही गाव सोडावं लागलं. बिराजदार कोल्हापूरला गेले, आवारे पुण्याला.

आणि मॅट लहानपणीच पायाखाली यावी लागते. मातीत पाय रुततो, दम धरून वाट बघता येते, घड्याळ नसतं. मॅटवर मोठ्यांच्या गटात तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. वर्तुळाबाहेर पाय गेला तरी गुण जातो. त्या पोराचा खाली घुसणारा पट मॅटवर फार कामाचा आहे. पट काढल्यावर तो दम खायला थांबतो, ती सवय मात्र तिथं महाग पडेल.

वडिलांना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, मॅट कुठंय? मी नांदेडचं नाव घेतलं. ते म्हणाले, "रोज कोण नेणार सर? दहावी होऊ द्या, मग पुण्याला धाडतो." दहावीला अजून दोन वर्षं आहेत. ती दोन वर्षं ह्या पोराची मातीत जाऊ नयेत, म्हणून किनवट तालुक्यात एक मॅट आणि तिच्यावर शिकवणारा एक माणूस हवा आहे, आणि तो आत्ता हवा आहे.