दोन डायलिसिसच्या मधले दिवस : किडनी रुग्णांच्या सेवाभावी संस्था आणि परभणी जिल्हा

मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्यावर माणसाला लागणारा उपचार एका शस्त्रक्रियेने संपत नाही, तो उरलेल्या आयुष्याचे वेळापत्रक ठरवतो, आणि या एका गोष्टीमुळे किडनी रुग्णांसाठी झटणाऱ्या सेवाभावी संस्थांची घडण इतर धर्मादाय कामांपेक्षा निराळी झाली आहे. मोतीबिंदूचे शिबिर दोन दिवसांत पार पडते, रक्तदानाचा कार्यक्रम सायंकाळपर्यंत आटोपतो. किडनी रुग्णाला मात्र आज केलेली मदत परवा पुन्हा करावी लागते, आणि तिच्यात खंड पडला तर काही दिवसांतच जिवावर बेतते. यंत्रावरच्या तासांचा खर्च सरकारी योजनांनी पुष्कळ अंशी उचलला आहे. दोन डायलिसिसच्या मधले दिवस, म्हणजे प्रवास, बुडालेली मजुरी, पथ्याचे जेवण, कागदपत्रे आणि खचलेले मन, हे सारे अजून रुग्णाच्या घरावरच आहे, आणि स्वयंसेवकांचे खरे कार्यक्षेत्र तेच होय. परभणीसारख्या जिल्ह्यातून पाहताना हे जितके स्पष्ट दिसते तितके मुंबईतून दिसत नाही.

निरोगी मूत्रपिंडे युरिया, क्रिएटिनिन यांसारखी टाकाऊ द्रव्ये आणि जादा पाणी अहोरात्र शरीराबाहेर टाकतात, रक्तातील क्षारांचा तोल राखतात आणि तांबड्या पेशी घडवण्यास चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरकही तयार करतात. डायलिसिसचे यंत्र यांपैकी मोजकीच कामे करू शकते, तीही चार-चार तासांच्या बैठकांत, आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा. रुग्णाच्या हातातील रोहिणी आणि नीला एका लहान शस्त्रक्रियेने जोडून ‘फिस्टुला’ तयार करतात. त्यात सुया टोचून बाहेर घेतलेले रक्त हजारो सूक्ष्म पोकळ तंतूंनी भरलेल्या ‘डायलायझर’ नावाच्या नळकांड्यातून फिरते, तंतूंच्या बाहेरून वाहणाऱ्या क्षारयुक्त द्रवात टाकाऊ द्रव्ये उतरतात, आणि शुद्ध झालेले रक्त परत शरीरात जाते. हा द्रव साधारणपणे मिनिटाला 500 मिलिलिटर या वेगाने वाहत असल्याने एका बैठकीला सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी लागते, आणि ते शुद्ध करताना ‘आरओ’ संयंत्रातून वाया जाणारे पाणी त्याहून वेगळे. ज्या मराठवाड्यात 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हा आकडा यंत्राच्या किमतीइतकाच महत्त्वाचा ठरतो. यंत्र देणगी देऊ इच्छिणाऱ्या कोणत्याही संस्थेने आधी पाण्याची टाकी, आरओ संयंत्र, जनरेटर आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची चौकशी केली पाहिजे.

हे यंत्र ज्यांनी घडवले त्यांचा आणि ते सर्वांना मिळावे म्हणून ज्यांनी झगडा दिला त्यांचा इतिहास वेगवेगळा आहे. नेदरलँड्समधील कांपेन या गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी 1943 मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड तयार केले आणि 1945 मध्ये त्यावर 67 वर्षांची एक स्त्री वाचली. 1960 मध्ये सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिन्यांत कायम राहणारी नळी बसवण्याची युक्ती शोधल्यावर तोच उपचार वर्षानुवर्षे देता येऊ लागला. यंत्रे मोजकी आणि रुग्ण अनेक असल्याने कोणाला जगवायचे हे ठरवण्यासाठी तेथे नागरिकांची समिती नेमावी लागली, ही वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील अतिशय क्लेशकारक घटना मानावी लागेल. त्या कोंडीतून वाट काढण्यात रुग्णांचा वाटा मोठा होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील डायलिसिसच्या काही रुग्णांनी 1969 मध्ये स्वतःची संघटना स्थापली, 1971 मध्ये तिच्या शेप ग्लेझर या पदाधिकाऱ्याने अमेरिकी संसदीय समितीसमोर प्रत्यक्ष डायलिसिस घेत साक्ष दिली, आणि 1972 च्या कायद्याने किडनी रुग्णांच्या उपचाराचा भार तेथील शासनाने स्वीकारला. ब्रिटनमध्ये 1975 साली एलिझाबेथ वॉर्ड या रुग्णाच्या आईने संस्था काढली. दोन्ही ठिकाणी आरंभ आजार सोसणाऱ्या घरांतून झाला.

महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने डॉक्टरांनी सुरू केले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1965 मध्ये देशातील पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले, पण तो रुग्ण जगला नाही, आणि यशस्वी प्रत्यारोपणाचा मान 1971 मध्ये वेल्लोरला मिळाला. पुढील दोन दशकांत शस्त्रक्रिया रुळली तरी तिच्या आधी आणि नंतर रुग्णाला आधार देणारी व्यवस्था तयार झाली नव्हती. ही उणीव ओळखून डॉ. भरत शहा यांनी 1993 मध्ये मुंबईत नर्मदा किडनी फाउंडेशनची स्थापना केली. आजार टाळण्याविषयीचे प्रबोधन, गरजू रुग्णांना साहाय्य आणि अवयवदानाचा प्रचार यांबरोबरच या संस्थेने प्रत्यारोपित रुग्णांच्या क्रीडास्पर्धा भरवल्या, आणि किडनी बदललेला माणूस धावू शकतो हे त्याच्या नातेवाइकांना प्रत्यक्ष दाखवण्याचा हा मार्ग शंभर पत्रकांपेक्षा परिणामकारक ठरतो. मुंबईच्याच अपेक्स किडनी फाउंडेशनने अदलाबदलीच्या प्रत्यारोपणासाठी नोंदवही उभारली, ज्यात रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांतील दाते एकमेकांच्या रुग्णाला मूत्रपिंड देतात. राजकोटचे डॉ. संजय पंड्या यांच्या किडनी एज्युकेशन फाउंडेशनने किडनीविषयक माहितीचे पुस्तक मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य उपलब्ध केले. मुलाला स्वतःचे मूत्रपिंड देणाऱ्या वसुंधरा राघवन यांची किडनी वॉरियर्स फाउंडेशन ही संस्था मात्र या परंपरेहून वेगळी, घरच्या माणसाने उभी केलेली आहे, आणि तिचा भर रुग्णांच्या हक्कांवर आहे.

परभणी जिल्ह्याला या संस्थांपासून वेगळे करणारी पहिली गोष्ट अंतर ही आहे. परभणीहून मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. जवळची मोठी उपचारकेंद्रे म्हणजे नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर. 2016-17 च्या अर्थसंकल्पात घोषित झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाचा रोख जिल्हा रुग्णालयांवर होता, त्यामुळे दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी विनाशुल्क डायलिसिस मिळण्याची वाट खुली झाली. पण जिल्ह्याला नऊ तालुके आहेत. जिंतूर किंवा गंगाखेड परभणीपासून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. तेथील रुग्णाने आठवड्यातून दोन वेळा ये-जा केली तर वर्षाला 104 फेऱ्या आणि 8,000 किलोमीटरहून अधिक प्रवास होतो, आणि परतीचा तर डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेल्या आणि पायांत गोळे आलेल्या अवस्थेत. राज्य परिवहन महामंडळाच्या सवलतींच्या यादीत डायलिसिसचे रुग्ण आहेत. रेल्वे किडनी रुग्णाला, आणि सोबत्यालाही, शयनयान व वातानुकूलित तृतीय वर्गापर्यंत 75 टक्के आणि वातानुकूलित द्वितीय व प्रथम वर्गात 50 टक्के सवलत देते. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरील परभणी आणि पूर्णा या जंक्शनांमुळे ही सवलत येथे फार उपयोगाची आहे, मात्र तिच्यासाठी विहित नमुन्यातले वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि ते कोठे, कोणाकडून घ्यायचे हे सांगणारा माणूस भेटला नाही तर सवलत कागदावरच राहते.

असा माणूस होणे हे स्वयंसेवकाचे सर्वांत मोलाचे काम आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा शेजारचे नांदेड त्यांत होते. परभणीसह उर्वरित राज्याला ती नोव्हेंबर 2013 मध्ये मिळाली, आणि 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू आहे. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांबरोबर मराठवाड्यासह 14 शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना सातबाराच्या आधारे तिचा लाभ देण्यात आला, म्हणजे परभणीतल्या अशा कोरडवाहू शेतकऱ्याला उपचारासाठी जमिनीचा उतारा दाखवावा लागला. 2023 च्या शासन निर्णयाने मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये झाली. याशिवाय मुख्यमंत्री सहायता निधी आहे, सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या देवस्थानांची वैद्यकीय मदत आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव आहेत. इतकी दारे असताना कोणते आधी ठोठवायचे, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचे अंदाजपत्रक आणि शिधापत्रिकेवरील नावातली चूक यांचा मेळ कसा घालायचा, हे योजनेच्या वतीने रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला सांगता येते, पण त्यासाठी तालुक्याच्या कचेरीत रुग्णाबरोबर जाऊन बसणे त्याला शक्य नसते.

जिल्ह्याच्या आर्थिक रचनेत या आजाराचा आघात कसा बसतो, याचा विचार अशा संस्थांच्या अहवालांत फारसा आढळत नाही. गोदाकाठच्या आणि बालाघाटाच्या कडेच्या गावांतून दरवर्षी ऊसतोडीसाठी जोडपी बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून त्यांना आगाऊ ‘उचल’ मिळते. दोघांतल्या एकाला डायलिसिस सुरू झाले की तो कोयता मोडतो, घेतलेली उचल अंगावर राहते, आणि दुसऱ्याला सोबती म्हणून आठवड्यातले दोन दिवस रुग्णालयात घालवावे लागत असल्याने गावातली रोजंदारीही सुटते. अशा घराला एकरकमी देणगीपेक्षा महिन्याचा किराणा, मुलांची शाळेची फी आणि सोबत्याच्या जागी आळीपाळीने जाऊन बसणारी चार माणसे अधिक तारतात. या मदतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, आणि कदाचित म्हणूनच यंत्र देणारे जितके पुढे येतात तितके एसटीचे भाडे देणारे येत नाहीत. ही विषमता संस्थांनी जाणीवपूर्वक मोडली पाहिजे.

पथ्याच्या बाबतीत तर शेजारपाजारचा शहाणपणाच घातक ठरू शकतो. लघवी कमी झालेल्या रुग्णाला दिवसाचे पाणी मोजून प्यावे लागते, आणि परभणीच्या मे महिन्यात ते पाळणे ही मोठी परीक्षा असते. अशक्त माणसाला प्रेमाने दिले जाणारे शहाळ्याचे पाणी, केळी आणि फळांचे रस यांत पोटॅशियम भरपूर असते. ते रक्तात साठले तर हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो. रक्तदाबासाठी चांगले म्हणून विकले जाणारे ‘लो सोडियम’ मीठ त्याहून फसवे आहे, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमचाच क्षार घातलेला असतो. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून देणे, ज्वारीची भाकरी ठेवून ठेचा-लोणचे-पापड सोडणे, डाळीचे आणि अंड्यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाला विचारून ठरवणे, हे सांगणारी व्यक्ती त्याच मातीतली आणि शक्यतो स्वतः रुग्ण असलेली हवी. गुडघे-कंबर दुखते म्हणून दुकानातून आणून रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांविषयीही असेच. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही किडनीच्या आजाराची प्रमुख कारणे असली तरी या गोळ्यांनी होणारे नुकसान पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे, आणि 2006 पासून मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी पाळल्या जाणाऱ्या जागतिक किडनी दिनाचे व्याख्यान जिल्ह्याच्या सभागृहाऐवजी आठवडी बाजारात झाले तर ते योग्य कानांपर्यंत पोहोचेल.

प्रत्यारोपण हा डायलिसिसपेक्षा सरस उपाय असला तरी तो दात्यावर अवलंबून आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 चा; 2011 च्या दुरुस्तीने जवळच्या नातेवाइकांत आजी-आजोबा आणि नातवंडांचा समावेश झाला आणि अदलाबदलीलाही मान्यता मिळाली. मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवांचे वाटप राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय समित्या करतात, आणि परभणीचा रुग्ण यांतल्या शेवटच्या समितीच्या क्षेत्रात येतो. अवयवदानाविषयीची भीती घालवण्यासाठी सांगली जिल्ह्यातील ढवळीचे प्रमोद महाजन, ज्यांनी पूर्वी एका जवानाला स्वतःचे मूत्रपिंड दिले होते, 2018 मध्ये 67 व्या वर्षी दुचाकीवरून देशभर फिरले. दान केल्यानंतरही माणूस धडधाकट राहतो हे त्यांना शब्दांत सांगावे लागले नाही.

तरीही प्रत्यक्षात बहुतेक मूत्रपिंडे घरातूनच येतात, आणि देणाऱ्यांत आया, बायका आणि बहिणी यांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असते. रुग्णाच्या औषधांसाठी निधी गोळा करणाऱ्या संस्था दात्या स्त्रीची विचारपूस शस्त्रक्रियेनंतर सहसा सोडून देतात, हा या क्षेत्रातील सर्वांत मोठा अन्याय आहे. एका मूत्रपिंडावर जगणाऱ्या तिला वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी लागते, पहिले काही महिने जड ओझे उचलणे टाळावे लागते, आणि पुढे वेदनाशामक गोळ्यांपासून दूर राहावे लागते. ही तपासणी तिच्या तालुक्यातच करून घेता येते. गरज असते ती तिचे नाव आणि तारीख एका वहीत लिहून ठेवण्याची, आणि त्या तारखेला तिच्या घरी जाऊन तिला घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्याची.