धूम्रपानमुक्ती आणि वाढते वजन

विडी-सिगारेट सोडलेला मनुष्य दोन-तीन महिन्यांतच अंगाने भरू लागतो. प्रारंभी घरच्या मंडळींना समाधान वाटते. पण सदरा घट्ट होऊ लागला की, 'विडी सुटली आणि पोट सुटले' असे म्हणून काही जण पुन्हा व्यसनाकडे वळतात. म्हणूनच या वजनवाढीची कारणे व तिची मर्यादा समजून घेणे अगत्याचे आहे.

तंबाखूतील निकोटीन भूक मंदावते व शरीराचा उष्मांक-व्यय वाढविते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दिवसास २४ सिगारेटी ओढल्या असता हा व्यय सुमारे १० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. व्यसन सुटताच तो पूर्ववत होतो. भूक, चव व गंध पुन्हा जागृत होतात आणि रिकामा हात खाद्यपदार्थाकडे वळतो.

ही वाढ किती असते? 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, औषधांच्या साहाय्यावाचून धूम्रपान सोडणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी ४.७ किलोग्रॅमने वाढले. त्यातील बरीचशी वाढ पहिल्या तीन महिन्यांतील होती. सुमारे १६ टक्के व्यक्तींचे वजन उलट घटले, तर १३ टक्के व्यक्तींचे १० किलोग्रॅमहून अधिक वाढले.

वजनाबरोबर मधुमेहाचाही विचार करावयास हवा. अमेरिकेतील परिचारिका व आरोग्य-व्यावसायिकांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान सोडल्यानंतर मधुमेहाचा धोका काही काळ वाढतो, पाच ते सात वर्षांच्या सुमारास तो सर्वाधिक असतो व पुढे ओसरतो, असे त्यांत दिसून आले. ज्यांचे वजन वाढले नाही, त्यांच्यात हा धोका वाढला नाही. विशेष महत्त्वाची गोष्ट अशी की, वजन वाढलेल्यांतही हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा धोका धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपेक्षा कमीच राहिला. तात्पर्य, वाढलेले वजन हे पुन्हा विडी पेटविण्यास कारण होऊ शकत नाही.

उपाय साधे आहेत. तल्लफ आली असता फरसाण किंवा गोड चहाऐवजी पाणी, काकडी, बडीशेप वा लवंग घ्यावी. आहारात भाकरी, उसळ व पालेभाज्या असाव्यात. रोज अर्धा तास भरभर चालावे. विडीऐवजी मशेरी किंवा तंबाखू धरणे म्हणजे व्यसनाचे केवळ रूप पालटणे होय. मधुमेहाच्या रुग्णांनी धूम्रपान सोडताना रक्तातील साखर तपासून घ्यावी. औषधाच्या मात्रेत बदल करावा लागण्याचा संभव असतो.

धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावातील अशा व्यक्तींना ही माहिती आरंभीच द्यावी. वजन थोडे वाढेल, हे ज्याला आधीच ठाऊक आहे, तो ते वाढल्यावर खचून जात नाही. आणि वाढलेले वजन प्रयत्नाने उतरविता येते. धुराने पोखरलेली फुप्फुसे मात्र पूर्ववत होत नाहीत.