वाघिणीचं वय

इंग्रजांनी 'वॅगन' हा शब्द आणला आणि मराठी माणसाने त्याची 'वाघीण' करून टाकली. परका शब्द असा घरचा करून घेण्याची आपली जुनी सवय. मालगाडीचा तो अवजड डबा बोलता बोलता जंगलातला झाला. पण हे नाव तिला शोभतं. वाघीण ओळखायची ती अंगावरच्या पट्ट्यांवरून, आणि मालगाडीच्या वाघिणीलाही पट्टे असतात. गंजाचे, पावसाच्या ओघळांचे, सांडलेल्या मालाचे. आज बोलायचं आहे ते या पट्ट्यांविषयी, आणि वीतभरही नसलेल्या वाघिणीवर ते उमटवणाऱ्या एका छंदाविषयी.

माझा भाचा मुलुंडला राहतो. त्याच्या दोन खोल्यांच्या घरात एक लांबरुंद फळी आहे. दिवसा ती भिंतीला टेकून उभी असते, रात्री पलंगावर आडवी होते आणि तिच्यावरून मालगाडी धावते. कुणी त्याला खेळणं म्हटलं, की तो रागावतो. "मामू, खेळणं नाही, मॉडेल आहे," म्हणतो. फरक आहेच. मॉडेलमध्ये प्रत्येक वस्तू एकाच मापाने लहान केलेली असते. जगभर सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे एकास सत्त्याऐंशी. कोळसा वाहणारी आपली 'बॉक्सएन' वाघीण जोडणीसकट साधारण १०.७ मीटर लांब असते. मॉडेलमध्ये ती १२ सेंटिमीटरची होते. आपल्याकडच्या मुलांना इथे एक तडजोड करावी लागते. आपल्या ब्रॉडगेज रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर. ते या मापात १९ मिलिमीटरच्या थोडं वर जातं. पण बाजारात मिळणारे रूळ परदेशी गेजवर बेतलेले, १६.५ मिलिमीटरचे. बहुतेक जण त्याच रुळांवर आपली गाडी चालवतात. हा छंद जवळून पाहायचा असेल, तर पुण्याला कोथरूडमध्ये बी. एस. जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ साली ते सर्वांसाठी खुलं झालं.

आता गंमत बघा. मॉडेल माप अचूक ठेवूनही खोटं दिसतं. कारण ते कोरं असतं. लग्नात नव्या कपड्यांत अवघडून बसलेल्या मुलासारखं. त्याला ऊन, पाऊस, धूळ लागलेली नसते. ती लावण्याच्या कामाला इंग्रजीत 'वेदरिंग' म्हणतात. मी त्याला वाघिणीला वय देणं म्हणतो. ही कला लोकप्रिय करणाऱ्यांत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या जॉन ॲलन यांचं नाव मानाने घेतात. त्यांच्या रेल्वेतलं सगळं वापरलेलं, झिजलेलं दिसे. १९७३ च्या जानेवारीत ते गेले आणि काही दिवसांतच आग लागून त्यांची ती रेल्वेही जळाली. उरली ती छायाचित्रं आणि त्यांनी लावलेली दृष्टी.

ती दृष्टी एका वाक्यात सांगता येते. कारणाशिवाय एकही डाग द्यायचा नाही. लोखंडाला गंज चढायला हवा आणि ओल दोन्ही लागतात. मुंबईच्या हवेत वर मीठही असतं, त्यामुळे काम लवकर होतं. पण गंज कुठेही सुरू होत नाही. जिथे रंग खरवडला गेला, जिथे वेल्डिंगचा सांधा आहे, जिथे पाणी साचून राहतं, तिथून तो निघतो. ताजा गंज नारिंगी असतो, मुरलेला गडद तपकिरी. कोळशाच्या वाघिणीच्या आत रंग टिकतच नाही. प्रत्येक खेपेला कोळसा घासतो, आणि ओल्या कोळशातल्या गंधकामुळे पत्रा आणखी खातो. म्हणून बाहेरून बरी दिसणारी वाघीण आतून लालभडक असू शकते. ट्रॉम्बेच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांकडे जाणाऱ्या टाकीच्या वाघिणींची तऱ्हा वेगळी. तिथे वरच्या तोंडापासून पोटावर उतरलेला काळा ओघळ असतो. सिमेंट वाहणाऱ्या बंद वाघिणीच्या दाराखाली राखाडी पूड बसते आणि पहिल्या पावसात तिथेच खडा होते. चाकाचं सगळं अंग मळकं असलं, तरी रुळाला टेकणारी त्याची कड आरशासारखी चकचकीत असते. भाचा लोकलची गर्दी ओसरल्यावर घाटकोपरच्या फलाटावर उभा राहून जाणाऱ्या मालगाड्या न्याहाळतो, तो हे सगळं वाचण्यासाठी.

करण्याची रीत तशी साधी आहे. आधी मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून तो फिका करून घ्यायचा, कारण लहान वस्तूवर भर रंग फार गडद दिसतो. निव्वळ काळा तर वापरायचाच नाही. मग पाण्यासारखा पातळ केलेला तपकिरी रंग सगळ्या अंगावर फिरवायचा. तो खाचांत उतरतो, उंचवट्यांवरचा पुसून घ्यायचा. ओघळ हवे असतील, तर ओलसर कुंचला वरून खाली एकाच दिशेने ओढायचा. पाऊस आडवा वाहत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. रंगाचे पोपडे दाखवायचे असतील, तर घरातलं मीठ कामाला येतं. आधी गंजाचा रंग द्यायचा, तो वाळला की पाणी लावून मिठाचे कण चिकटवायचे, वरून वाघिणीचा रंग फवारायचा आणि वाळल्यावर मीठ घासून काढायचं. खऱ्या वाघिणीवर गंज आणणारं मीठ इथे गंज उघडा करतं. शेवटी खडूची किंवा गेरूची वस्त्रगाळ पूड कोरड्या कुंचल्याने बसवायची आणि वर चमक नसलेल्या वार्निशचा हलका फवारा द्यायचा. हात आवरता आला पाहिजे. कवितेत विशेषणांचं जे होतं, तेच इथे गंजाचं होतं.

किती वय द्यायचं, हे वाघीण स्वतःच सांगते. तिच्या अंगावर ११ आकडी क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन आकडे तिचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, आणि पाचवा-सहावा आकडा तिचं जन्मसाल. कारखान्यात मोठी दुरुस्ती कधी झाली, पुढची कधी, तेही रंगवलेलं असतं. नुकतीच दुरुस्त होऊन आलेली वाघीण जर्जर दाखवली, तर जाणकार हसतील. स्टेनलेस स्टीलच्या नव्या जातीच्या वाघिणींना साध्या पोलादासारखा गंज चढवला, तरी हसतील.

पण काही खुणा ना हवेच्या असतात, ना पाण्याच्या. माझे अब्बा उपनगरातल्या एका मालधक्क्यावर हमाल होते. मालधक्क्याचा ओटा वाघिणीच्या तळाच्या उंचीचा असतो, म्हणजे माणूस पाठीवर पोतं घेऊन सरळ आत चालत जातो. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो अशा माणसांच्या हक्कांसाठी. आजही सिमेंटची, खताची पोती बंद वाघिणींत माणसंच भरतात आणि काढतात. भाच्याने सिमेंटची वाघीण रंगवली तेव्हा दार कोरंच ठेवलं होतं. मी त्याला सांगितलं, की दाराच्या दोन्ही कडांना खांद्याच्या उंचीवर रंग घासलेला असतो, कारण वळताना पोतं तिथेच घासतं. त्याचे नाना असं पोतं घेऊन दिवसातून किती वेळा आत-बाहेर करत, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. दाराच्या कडेवर तेवढी झीज असे.

त्याने पट्टी घेतली. एकास सत्त्याऐंशीच्या मापात नाना जेमतेम दोन सेंटिमीटर उंच भरले. तळापासून खांद्याची उंची मोजून त्याने बारीक कुंचल्याने दोन्ही कडांवर फिकट रेघ ओढली आणि तिच्यात किंचित तपकिरी मिसळला. येणाऱ्या पाहुण्यांना तो आता आधी ते दार दाखवतो, मग गाडी सुरू करतो.