स्टेन टाकली, पुढे काय?

‘स्टेन टाकली, आता काळजी मिटली.’ महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होऊन गावी परतलेल्या रुग्णाच्या घरी असं हमखास ऐकू येतं. पण स्टेंट एका जागचा अडथळा काढतो, रक्तवाहिन्यांचा आजार शरीरात राहतोच. तो आटोक्यात ठेवायला हृदय-पुनर्वसन लागतं: हळूहळू वाढवलेला व्यायाम, नियमित गोळ्या, आहार, तंबाखूपासून सुटका आणि खचलेल्या मनाला आधार.

‘अटॅक येऊन गेलाय, आता पडून राहा’ हा सल्ला एकेकाळी डॉक्टरही देत. रुग्ण कित्येक आठवडे खाटेवर असे. 1952 मध्ये अमेरिकेतल्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा आग्रह धरला आणि ही पद्धत बदलू लागली. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात 85 चाचण्यांतले 23 हजारांहून अधिक रुग्ण होते. व्यायामावर आधारित पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटलेले दिसले.

‘घरकाम करतेच की, तिला वेगळा व्यायाम कशाला?’ असं म्हणून बाईला मात्र या पुनर्वसनातून सहज वगळलं जातं. हा तिच्यावर अन्याय आहे.

सगळ्यात अडवणारा समज म्हणजे, हे ट्रेडमिलवाल्या मोठ्या हॉस्पिटलचंच काम. भारतातल्या 24 हॉस्पिटलांमधल्या 3,959 रुग्णांवर मात्र ‘योगा-केअर’ या योगावर आधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. अर्ध्या रुग्णांना 12 आठवड्यांत 13 सत्रांतून योग शिकवला आणि घरी करायला सांगितला. त्यांना अधिक बरं वाटलं, रोजच्या कामांनाही ते जास्त प्रमाणात लागले. मृत्यू किंवा पुन्हा येणारे झटके मात्र लक्षणीय कमी झाले नाहीत. म्हणून योग सुरू केला की गोळ्या बंद, हा समज घातक आहे. ‘स्प्रेड’ या दुसऱ्या भारतीय चाचणीत आरोग्यसेवकांनी रुग्णांच्या घरी जाऊन पाठपुरावा केला. वर्षानंतर अशा रुग्णांपैकी 97 टक्के औषधं नीट घेत होते, इतरांत 92 टक्के. म्हणजे यंत्राआधी माणूस हवा, आणि गावात आशाताई आहेतच. त्यांना प्रशिक्षण आणि योग्य मोबदला देऊन हे काम सोपवायला हवं.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांना विचारा: रोज किती चालायचं, ओझं कधी उचलायचं, शेतावर कधी जायचं? उत्तरं कार्डावर लिहून घ्या. चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवा; छातीत दुखलं तर थांबा आणि 108 ला फोन करा.